मोठेबाबांच्या हाताचं घर

ज्या वर्षी आमचं सौंसरचं घर मोडून नव्यानं बांधलं त्या वर्षी मी सोळाची होते आणि मला एका जागी बसवत नव्हतं. पुस्तक घेऊन सपरीत बसावं तर दहा मिनिटांत विहिरीवर, विहिरीवरून स्वयंपाकघरात, तिथून आईनं हाकललं की गल्लीच्या तोंडाशी. नागपूरची बस गेली की छिंदवाड्याची कधी येते ते बघत उभी राहायची. कुठं जायचं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, या पोट्टीच्या पायाले देवानं भिंगरी बांधून धाडलं. साठी उलटली तरी भिंगरी तीच आहे, फक्त आता चालताना गुडघे वाजतात.

जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. पुढे सपरी, म्हणजे खांबांवरची उघडी ओसरी, मग बैठकीची खोली, मग अंधारं स्वयंपाकघर, मग आंगण आणि विहीर. त्या घराच्या आठवणीनं मला उमाळे येत नाहीत. शहरातले लोक मातीच्या घरांचे गोडवे गायला लागले की त्यांना विचारावंसं वाटतं, दर उन्हाळ्यात कवेलू फेरताना खाली तुम्ही उभे होतात का? दोन माणसं छपरावर चढायची, फुटके कवेलू काढून धड लावायची, आणि वर्षभराची काजळी, उंदरांच्या लेंड्या, चिमण्यांची घरटी असं सगळं आईच्या परातीत यायचं. विंचू तर घरचेच होते. पण एक खरं. त्या घरात आई चुलीपुढे जमिनीवर बसून स्वयंपाक करायची आणि बसल्या जागेवरून तिचा हात सगळीकडे पुरायचा. उजवीकडे तिखटमिठाचा डबा, डावीकडे पाण्याची गुंडी, पाठीमागे भिंतीतल्या कोनाड्यात पीठ. आई जेमतेम पावणेपाच फूट. बसलेल्या माणसाची उंची कोणी मोजत नाही. तिच्या भाकरी थापण्याचा आवाज सपरीपर्यंत यायचा आणि त्यावरून मला कळायचं की अजून किती वेळ भटकता येईल.

बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते. गल्लीत एकेकाचे कवेलू उतरून स्लॅब पडू लागले तसे बाबाही अस्वस्थ झाले. शाळेतून आले की टोपी न काढताच छपराकडे बघत उभे राहायचे. जेवताना बोटानं पाण्याच्या थेंबांनी ताटाशेजारी खोल्या काढायचे, आणि आई पोळी वाढायला वाकली की तिच्या पदरानं त्या पुसल्या जायच्या. घर कसं हवं हे त्यांनी गल्लीतल्या साऱ्या पुरुषांना विचारलं, शाळेच्या हेडमास्तरांना विचारलं. आईला त्यांनी विचारलं नाही. ती आपणहून एवढंच म्हणाली, "कसंही करा, पण धूर नको." चुलीच्या धुरानं तिचे डोळे बारमाही लाल असायचे. बाबा म्हणाले, धूर कायचा, उभा ओटा करून देतो, त्याच्यावर स्टोव्ह, मेमसाहेबासारखी उभ्यानं रांध. आई लाजून हसली. ते हसणं मला अजून दिसतं आणि मग माझंच डोकं फिरतं.

घर मोडायचं म्हणजे मोठेबाबांना विचारणं आलं. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. आमच्याकडे काका म्हणत नाहीत, मोठेबाबाच म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला मोठी आई. आजोबा लवकर गेले. मोठेबाबांनी नागपुरात नोकरी धरून बाबांना शिकवलं, गुरुजी केलं, त्यांचं लग्न लावून दिलं. ते स्वतः नागपूरलाच राहिले, पण सौंसरचं घर त्यांचं, असं आमच्याकडे सगळे मानत. कागद काय म्हणत होता ते मी कधी पाहिलं नाही, कागदाचा प्रश्नच नव्हता. वर्षातून दोन-तीनदा ते जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला यायचे आणि आमच्याकडे मुक्काम करायचे. सहा फुटांच्या वर उंची. जुन्या घराच्या दारात त्यांचं कपाळ हमखास आपटायचं. कपाळ चोळत ते म्हणायचे, "या घरात मान खाली घालूनच या लागते."

मिस्त्री पांढुर्ण्याचा होता, शंकर मिस्त्री. वाळलेला, ओठांत तंबाखू-सुपारीचा खर्रा, कमी बोलणारा माणूस. त्याच्या खिशात पोलादी टेप असायचा आणि विटा, रेती, खोलीची लांबी-रुंदी तो त्यानंच मोजायचा. पण दाराची उंची, उंबरठा, देवघर, फळ्या, माणसाचा जिथं जिथं रोज हात लागतो ती मापं तो टेपनं घेत नसे. ती घरमालकाच्या हातानं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढी लांबी भरेल तेवढी बांबूची एक कामटी तो कापायचा, आणि काम संपेपर्यंत तीच कामटी त्याच्या कमरेला. दार चार हात, देवघर अडीच हात असं त्याचं सगळं ठरलेलं. त्याच्या बापाचीही हीच रीत होती. घर मालकाच्या हातात बसलं नाही तर मालक त्या घरात बसत नाही, असं तो म्हणायचा. आता मी स्वतः चाळीस वर्षं घरांची मापं घेतली आहेत, आणि सांगते, या रीतीत काही खोट नव्हती. खोट आमच्यात होती.

मिस्त्री पहिल्या दिवशी आला तेव्हा बाबांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर करून ठेवली होती. मिस्त्रीनं सहज विचारलं, "घराचे मालक तुम्हीच ना गुरुजी?"

बाबांनी बाही खाली सोडली, गुंडी लावली. "मालक दादा आहेत. मी काय, राहणारा."

"मग त्याईचाच हात पायजे जी."

झालं, नागपूरला पत्र गेलं आणि काम आठ दिवस अडून राहिलं. शनिवारी मोठेबाबा जामसांवली करून आले. सपरीत पाट मांडला, त्यावर त्यांनी हात ठेवला. गोरा, लांब, मनगटाशी केस असलेला हात. आई आतल्या दाराआडून बघत होती. मिस्त्रीनं कामटी धरली, खूण केली, कापली, तिला हळदीकुंकू लावलं. मी ती हातात घेऊन बघितली आणि माझ्या हाताशी लावली तर माझ्या बोटांपुढे चांगली चार बोटं उरली. मी हसून म्हटलं, "मोठेबाबा, तुमच्या हातानं आमचं घर म्हणजे आम्हाले शिडी लागन." सगळे हसले. बाबाही हसले. मला आज वाटतं, मी तेव्हा हसायला नको होतं, ओरडायला हवं होतं. पण माणूस सोळाव्या वर्षी भलत्या ठिकाणी ओरडतो आणि भलत्या ठिकाणी हसतो.

मग चार महिने आम्ही पुढच्या सपरीत राहिलो आणि मागे घर पडत राहिलं. सब्बलीचे, म्हणजे पहारीचे घाव, भिंत बसल्याचा दबका आवाज, रेती चाळण्याची सरसर, आणि सगळ्यावर मिस्त्रीची एकच हाक, माल आणा. आंगणात पत्र्याच्या आडोशाला आईनं तीन दगडांची चूल मांडली होती. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, कधी घोटलेलं आंबट वरण, आणि प्रत्येक घासात रेती. बाबा कचकन रेती चावून म्हणायचे, "नव्या घराचा स्वाद आहे, खा." मला ते दिवस फार आवडले. सगळं घर माझ्यासारखं झालं होतं, कुठंच काही जागेवर नव्हतं. स्लॅब पडल्यावर सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारण्याचं काम माझ्याकडे आलं. वरून संत्र्यांच्या बागा दिसायच्या, लोधीखेड्याकडची सडक दिसायची. मी वहीच्या मागच्या पानांवर घरांचे नकाशे काढू लागले, आमचं, शेजारचं, कोणाचंही. मिस्त्री एकदा ते बघून म्हणाला, "बाई, दाराचं तोंड भिंतीत नसते काढत," आणि त्यानं पेन्सिलीनं दुरुस्त करून दिलं. माझं पहिलं शिक्षण ते.

उभा ओटा मिस्त्रीलाही नवीन होता. त्याच्या बापानं तसला कधी बांधला नव्हता. त्यानं खर्रा थुंकून थोडा विचार केला आणि ठरवलं, मालकाचे दोन हात. वर काळा कडप्पा बसवला, खाली तीन कप्पे काढले. वास्तू झाली. मोठेबाबा नव्या दारातून मान ताठ ठेवून आत आले, परत बाहेर गेले, परत आत आले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पहिल्या बार या घरात वाकलो नाही," ते बाबांना म्हणाले. बाबांना त्याहून मोठं बक्षीस कोणी दिलं नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई स्वयंपाकाला उभी राहिली. ओटा तिच्या छातीला लागला. त्यावर स्टोव्ह, स्टोव्हवर पातेलं, म्हणजे पातेल्याचा काठ तिच्या हनुवटीच्याही वर.  मग बाहेरून जेवायचा पाट आणून पायाखाली घेतला आणि त्यावर चढली. तिनं कोणाला काही म्हटलं नाही. त्यानंतर घरात एक नवाच आवाज सुरू झाला, फरशीवरून पाट सरकवल्याचा. स्टोव्हकडून मिठाकडे जायचं तर खाली उतरा, पाट सरकवा, परत चढा. फळीवरचा डबा हवा तर "शालू, ये वं." दाराची वरची कडी लावायची तर "शालू, ये वं." मी कुठंही असले तरी दिवसातून वीस वेळा हाक. मी चिडायचे, पाय आपटत यायचे. तिला राग आपल्याच घराचा येत असेल असं मला सुचलं नाही, मला वाटायचं ती मला मुद्दाम बसवून ठेवते आहे.

इथं एक कबुली देऊन टाकते. दोन वर्षांपूर्वी पांढुर्ण्याच्या माझ्या घराचं स्वयंपाकघर मी नवीन करून घेतलं. सगळं मीच आखलं, कामगारांच्या डोक्यावर उभी राहून करून घेतलं. महिनाभरानं सून कंबरेला पट्टा बांधून उभी. ती माझ्याहून वीतभर उंच आहे. तिची उंची मी विचारलीच नव्हती. "तुम्ही एवढ्या आवडीनं केलं, म्हणून म्हटलं नाही," ती म्हणाली. दुसऱ्यांच्या घरात मी काय काय शहाणपण शिकवलं आहे, आणि घरात हे असं. ओटा पंधरा दिवसांत उंच केला, पण मला नीट झोप आली नाही.

तर पुन्हा त्या वर्षाकडे. पाऊस संपत आला होता. आई गोळ्याची कढी करत होती. आमच्याकडे ती सणासुदीला नाही, मन झालं की होते. भरडलेल्या डाळीचे गोळे उकळत्या ताकात सोडायचे. ती पाटावर चढलेली, डाव्या हातात गोळ्यांची थाळी. खाली फरशी ओली. पाट सरकला. पडू नये म्हणून तिनं हात टाकला तो पातेल्यावर. मी आंगणात होते. आधी पातेल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. ती ओरडली नाही. आत गेले तर ती ओट्याखाली बसलेली, उजवा हात कोपरापर्यंत लाल, कढी कप्प्यांमधून टपटप गळत होती, आणि ती मला म्हणाली, "स्टोव्ह बंद कर आधी."

डॉक्टरांनी पट्टी बांधली, पंधरा-वीस दिवस हात पाण्यात घालायचा नाही म्हणाले. बाबा फार घाबरले होते, मी खोटं बोलणार नाही. दोन दिवस त्यांनी शाळेला सुट्टी टाकली, खिचडी केली, ती करपवली. तिसऱ्या दिवशी ते बाजारातून आले तेव्हा सुतार त्यांच्याबरोबर होता आणि सुताराच्या डोक्यावर एक नवाकोरा पाट. रुंद, जड, खाली रबर ठोकलेलं. "आता सरकणार नाही," बाबा म्हणाले.

माझ्या अंगाची आग झाली. "बाबा, ओटा कमी करा ना! पाट काय वाढवून राहिले?"

"दादाच्या हातानं झालं आहे थे. वास्तू झाली. आता मोडलं तर दादाले काय सांगू?"

"सांगा का आई भाजली."

"तुले नाही समजत," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतकी लाचारी होती की मला आणखीच राग आला. "ज्या माणसानं मले माणूस केलं त्याच्या हाताचं मी मोडू?"

आई आतून म्हणाली, "होईन सवय. भांडू नका." पट्टीच्या हातानं ती नवीन पाट पुसत होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. पांढुर्ण्याच्या बसमध्ये बसले. इतकी वर्षं बस बघत उभी राहायचे, ती अशी पकडली. शंकर मिस्त्रीचं काम कुठं चालू आहे ते चौकात दोघांना विचारलं. तो एका घराच्या जोत्यावर उभा होता. मी म्हटलं, "बाबांनी बोलावलं. ओटा कमी करायचा आहे. लवकर." बोलताना माझी जीभ जराही अडखळली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. त्यानं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. मग म्हणाला, "बुधवारी येतो."

बुधवारी बाबा शाळेत गेले आणि अर्ध्या तासानं मिस्त्री हत्यारं घेऊन आला. आई गोंधळून दारात उभी. मिस्त्री म्हणाला, "वहिनी, गुरुजींनी मोठेबाबांच्या हाताचं मोडायले सांगितलं. मोडतो. पण आता कोणाच्या हातानं बांधू थे सांगा. बिना हाताचं मी विटेले वीट लावत नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला त्याच क्षणी कळलं की बाबांनी कोणाला काही सांगितलेलं नाही. मी तिची नजर टाळली नाही. मला वाटलं ती आता मिस्त्रीला परत पाठवणार आणि मला घेऊन माजघरात जाणार. मग ती खाली बसली, पदर सावरला आणि पट्टी नसलेला डावा हात पाटावर ठेवला.

"माझा घ्या," ती म्हणाली.

मिस्त्रीनं कामटी धरली, खूण केली. आधीची कामटी त्यानं कशी कोण जाणे जपून ठेवली होती, पिशवीतून काढून त्यानं दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. बराच वेळ बघत राहिला. "एवढासा हात," तो म्हणाला, "अन् आम्ही तुम्हाले कुठं चढवून ठेवलं वहिनी." मग त्यानं आईकडे न बघताच हातोडा उचलला.

गल्लीत अशी बातमी लपत नाही. मधल्या सुट्टीतच बाबा घामाघूम होऊन आले. कडप्पा भिंतीला टेकवलेला, ओट्याची वरची वीट निघालेली, सगळीकडे धूळ. "कोणी सांगितलं तुम्हाले?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं. मिस्त्री म्हणाला, "तुम्हीच ना जी. पोरगी येऊन सांगून गेली." बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, पण त्या दिवशी तो खांद्यापर्यंत आला होता.

"मी धाडलं तिले," आई म्हणाली.

आई खोटं बोलत नसे. बाबांना ते ठाऊक होतं आणि हे खोटं आहे हेही त्यांना कळलं असावं. ते सपरीत जाऊन बसले. अर्ध्या तासानं उठले, आत डोकावले आणि मिस्त्रीला म्हणाले, "झाल्यावर चहा घेऊन जाजा." मग शाळेत निघून गेले. माझ्याशी मात्र ते महिनाभर एक शब्द बोलले नाहीत.

ओटा वाळला त्या दिवशी आईनं पहिल्यांदा त्यावर पिठलं केलं. सपाट पायांनी उभी राहून, पट्टीचा हात जपत. मी दारात बघत होते. ती मधूनच थांबली आणि ओट्यावर दोन्ही तळवे टेकून नुसती उभी राहिली. मला भरून आलं. आता हे सगळं सांगताना वाटतं तितकी मी तेव्हा खूश नव्हते, कारण मोठेबाबा यायचे होते, आणि घरात सगळे त्याच विचारानं फिरत होते. बाबांनी त्यांना पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा फाडलं.

ते आले, नेहमीप्रमाणे शनिवारी, मारुतीचा प्रसाद घेऊन. आईनं गोळ्याची कढीच केली होती. पानं वाढली, आणि हात धुवायला म्हणून मोठेबाबा मागे गेले ते स्वयंपाकघराच्या मधोमध थांबले. "हे कायले कमी केलं?"

बाबा उभे राहिले.  "दादा, हिच्यानं होत नव्हतं. भाजली ती. मी कमी केलं."

मी केलं, म्हणाले. मी चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिले.

"कोणाच्या हातानं?"

"हिच्या."

मोठेबाबा बाहेर आले. भिंतीकडचा मधला पाट त्यांचा, वर्षानुवर्षं. ते त्याच्यापाशी आले आणि बसले नाहीत. "बरं झालं," ते म्हणाले. "मग मी आता पाहुणा. पाहुण्याचा पाट कोणता थे सांगा." ते थट्टेनं म्हणत नव्हते.  आई स्वयंपाकघराच्या दारात होती, कपाळापर्यंत पदर. लग्न होऊन अठरा वर्षं झाली होती आणि ती थोरल्या दिरांशी कधी समोरासमोर बोलली नव्हती. काही सांगायचं असलं तर बाबांमार्फत किंवा मला पुढे करून. ती बाहेर आली, हातात कढीचं भांडं घेऊनच.

"ओटा कमी केला जी, तुमचा पाट नाही काढला," ती त्यांना म्हणाली. "बसा. कढी निवून राहिली."

ते बसले. जेवले. दोनदा कढी मागून घेतली, पण तोंडानं नाही, वाटी पुढे करून. मुक्काम मात्र केला नाही. पाचची नागपूर बस धरतो म्हणाले. बाबा निघाले तर त्यांना हातानं थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं, "ही येईन सोडायले." मी त्यांची पिशवी घेतली. सगळा रस्ता मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत चालले होते.

स्टँडवर बस लागलेली होती. ते तिच्याकडे बघत म्हणाले, "मिस्त्रीले तूच आणलं ना?"

"हो."

"मले वाटलंच." मग तसंच बसकडे बघत, "नागपूरच्या घरीही माझ्याच हाताचा ओटा आहे. तुझी मोठी आई त्याच्यावर भांडी ठेवते अन् स्टोव्ह खाली घेऊन जमिनीवर बसून रांधते. बारा वर्षं झाली. मले वाटे, तिले खालीच आवडते." त्यांनी पिशवी माझ्या हातून घेतली. "गुडघे गेले तिचे. तू ये एक बार. तिचा हात घे. मी विचारलं तर ती नाहीच म्हणन."

मी हो म्हटलं. खरंच म्हटलं. त्या आनंदात मी घरापर्यंत पळत आले.

त्यानंतर परीक्षा आली. मग छिंदवाड्याला ड्राफ्ट्समनचा कोर्स, मग नोकरी, मग लग्न, मग लोकांची घरं, एकामागून एक. कोणाची खिडकी वाढवा, कोणाच्या म्हाताऱ्याला पायरी कमी करा. या मधल्या काळात मी दोनदा नागपूरला मोठेबाबांकडे जेवले, दोन्ही वेळा लग्नाच्या गडबडीत. मोठी आई जमिनीवर बसून पोळ्या लाटत होती, मी पुढच्या खोलीत सगळ्यांशी गप्पा मारत होते, आणि टेप माझ्या पर्समध्ये होता. पुढच्या वेळी निवांत येऊन करू, असं मी म्हटलं.

पुढच्या वेळी गेले ती मोठ्या आईच्या तेरवीला, तेराव्याच्या जेवणाला. स्वयंपाकाला आलेल्या बायका त्या ओट्याशी टाचा उंच करून उभ्या होत्या. मोठेबाबा दारात खुर्चीवर बसले होते, खूप वाकलेले. मी पाया पडले. त्यांनी मला ओळखायला थोडा वेळ घेतला.

"आली का शालू," ते म्हणाले. "आता कोणाचं माप घेशील?"